बाळ झालं म्हणून बीपी उतरत नाही

‘बाळ झालं की बीपी उतरतोच, गोळ्या बंद करा. दम लागतो तो अशक्तपणानं. सव्वा महिना बाजेवरून उठायचं नाही, पाणी कमी प्यायचं, पाय सुजला तर मालिश.’ नागपूरच्या फॅमिली ग्रुपांवर हा मेसेज काळजीपोटीच पुढे ढकलला जातो. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य धोक्याचं आहे.

बाळंतपणानंतर बीपी बहुधा तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत वर जातो. गरोदरपणात अंगात साठलेलं पाणी तेव्हा रक्तात परततं, आणि नेमकी तेव्हाच बाई डिस्चार्ज घेऊन घरी आलेली असते. नऊ महिने बीपी नॉर्मल असला तरी सहा आठवड्यांपर्यंत फिटचे झटके येऊ शकतात. मोजताना पाच मिनिटं टेकून बसवा, दंडाचा पट्टा हृदयाच्या उंचीवर ठेवा. वरचा आकडा 160 किंवा खालचा 110 आला तर 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढाच भरला तर लगेच दवाखाना. डोकं ठणकतंय, अंधुक दिसतंय, उजव्या बरगडीखाली दुखतंय, तर दुसऱ्या रीडिंगसाठी थांबूच नका. निफेडिपिन, लॅबेटॅलॉल, एनालाप्रिल अंगावर पाजतानाही देतात. दुधाच्या भीतीनं गोळी परस्पर सोडू नये.

दमाचं म्हणाल तर रक्त कमी असलं की चालताना धाप लागते, बसलं की बहुधा ओसरते. आडवं झाल्यावर गुदमरतं, दोन-तीन उशा लागतात, रात्री खोकल्यानं उठून बसावं लागतं, हे हृदयाचा स्नायू थकल्याचं लक्षण असू शकतं. हा आजार बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत गाठतो. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, कळतो. वेळेत औषध मिळालं तर बऱ्याच जणींचं हृदय सावरतं. लोहाच्या गोळ्यांनी मात्र नाही.

आता ती बाज. प्रसूतीत रक्तस्राव आवरावा म्हणून रक्ताची गोठण्याची ओढ वाढलेली असते आणि पुढचे सहा आठवडे गुठळीचा धोका मोठा राहतो, सिझेरियननंतर अधिकच. त्यात सतत पडून राहणं, नागपूरचा मे महिना, बंद खोली, खाली शेगडी आणि पाणी मोजून! सिझेरियन झालेलीलाही बहुतेक वेळा पहिल्या 24 तासांतच आधार देऊन चालवतात, ते उगाच नाही.

दोन्ही पाय थोडे सुजणं नेहमीचं. एकच सुजला, बहुधा डावा, पोटरी गरम आणि दुखरी, तर गुडघ्याखाली 10 सेंटीमीटरवर दोन्ही पोटऱ्या टेपनं मोजा. दोन-तीन सेंटीमीटरचा फरक म्हणजे डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, हवी. फरक कमी भरला तरी दुखणं असेल तर दाखवाच. मालिश मुळीच नको, गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अचानक दम किंवा छातीत कळ आली तर 108 लावा आणि मेडिकल असो की मेयो (नागपूरची सरकारी रुग्णालयं), कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच बोला: ‘बाळंत होऊन इतके दिवस झाले.’ नाहीतर तरुण बाईची छाती दुखली की ॲसिडिटीचीच गोळी हातात पडते.