‘मला चालेल गं, पण लोकांना नाही चालायची’

संध्याकाळी साडेसहाला एका मैत्रिणीचा फोन. मी ऑफिसातून येऊन नुकता कुकर लावला होता. "ऐकलंस ना? क्लोबुचारनेही माघार घेतली. काल बुटिजेज, आज ही. सगळे बायडनच्या मागे जाऊन उभे राहतायत. आता तू उद्या उगाच वॉरनला देऊन मत वाया घालवू नकोस." वाया कसं, असं विचारलं तर म्हणे, "मला चालेल गं ती. मला तर आवडतेच. पण तिकडे पेनसिल्व्हेनियात, मिशिगनमध्ये लोकांना नाही चालायची बाई."

बोलण्याच्या नादात तीनच्या जागी सहा शिट्ट्या झाल्या आणि खिचडीची पेज झाली. ती पेज खाऊन हे लिहायला बसलेय. सूर तिखट लागला तर समजून घ्या. (नाव घेत नाही. ती वाचणार आहेच.)

तिकडच्या मंडळींसाठी थोडक्यात: उद्या, ३ मार्च २०२० ला, अमेरिकेत आमच्या मॅसॅच्युसेट्ससकट १४ राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी आहे. नोव्हेंबरात ट्रम्पसमोर कोणाला उभं करायचं हे इथे दिल्लीहून ठरून येत नाही, आम्ही मतदार ठरवतो. निदान म्हणायला तरी. सुरुवातीला वीसच्या वर उमेदवार होते, त्यात सहा बायका. कमला हॅरिस डिसेंबरातच गेल्या. आता धडपणे उरलेत चौघे: बायडन, बर्नी सँडर्स, ब्लूमबर्ग आणि आमच्याच राज्याची सिनेटर एलिझाबेथ वॉरन. तुलसी गॅबर्डही अजून आहेत, पण त्यांना कोणी मोजत नाही.

आमच्या घरात पक्षापेक्षा जास्त फूट आहे. नवरा बायडनवाला. लेक एकोणीस वर्षांचा, म्हणजे अर्थातच बर्नीवाला. शनिवारी बॉस्टन कॉमनवर बर्नीची सभा होती, तिथे थंडीत उभा राहून घसा बसवून आला, कालपासून त्याला आल्याचा चहा मीच करून देतेय. आणि मी वॉरनची. जेवताना राजकारण काढायचं नाही असं ठरलंय, ते साधारण वरणभात वाढेपर्यंत टिकतं.

तर ते वाक्य. ‘मला चालेल, पण लोकांना चालणार नाही.’ हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. १९८८, मिरज, आमची बाहेरची खोली. आई शाळेत गणित शिकवायची. मुख्याध्यापक निवृत्त होणार होते आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीत आईचं नाव पहिलं होतं. एका रविवारी सकाळी संस्थेतले दोघे जण घरी आले. आईने पोहे केले. पोहे संपल्यावर त्यातले मोठे म्हणाले, "बाई, तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही. आम्हाला तुम्ही चालाल हो. पण पालकांना चालणार नाही. बाईमाणसाचं पालक ऐकत नाहीत."

नियम ज्येष्ठतेचा, त्यामुळे त्यांना कागद हवा होता. नकारपत्र. ते आईने लिहून दिलं. ‘घरगुती अडचणींमुळे मी सदर पद स्वीकारण्यास असमर्थ आहे.’ फळ्यावर लिहायची तसं, प्रत्येक अक्षर सुटं, शिरोरेघ सरळ. घरगुती अडचण म्हणजे बहुधा मी आणि माझा भाऊ. आम्ही दोघं दाराआड उभे होतो आणि उरलेल्या पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात होतो.

त्या पालकांना कोणी विचारलं होतं का? एकाला तरी? वर्षानुवर्षं त्याच पालकांची पोरं तिला ‘बाई, बाई’ करत होती, तिच्या हाताखालून दहावीचं गणित सोडवून जात होती, तेव्हा सगळ्यांना बाई चालत होती.

आता वॉरनचं सांगते, म्हणजे मला का झोंबतंय ते कळेल. २००८ मध्ये बँका बुडाल्या, लोकांची घरं गेली. सामान्य गिऱ्हाइकाला कर्जाच्या बारीक अक्षरांतून वाचवणारी एक सरकारी संस्था हवी, ही कल्पना वॉरनची. त्याच्या आधीच तिने ती लिहून मांडली होती. तेव्हा ती हार्वर्डला कायदा शिकवायची, दिवाळखोरी हा तिचा विषय. ओबामांनी संस्था काढली, उभी करायचं काम तिच्याकडे दिलं. तिने माणसं जमवली, घडी बसवली. आणि २०११ मध्ये संस्थेचा प्रमुख नेमायची वेळ आली तेव्हा? दुसऱ्याचं नाव पुढे केलं. सिनेटमधल्या रिपब्लिकनांना ती चालणार नाही म्हणून.

पालकांना चालणार नाही म्हणून!

आमच्याकडे पुढे काय झालं माहितेय? जून उजाडला, शाळा उघडायला आठ दिवस, आणि नवे मुख्याध्यापक रविवारी आमच्या दारात. हातात ड्रॉइंगचा मोठा कागद. शाळेचं वेळापत्रक. अठरा तुकड्या, एक प्रयोगशाळा, पीटीला एकच सर, आणि मंगळवारी दुपारी न येणारे संस्कृतचे शास्त्री. आई सतरंजीवर कागद पसरून बसली. लाल पेन्सिल गणिताला, निळी इंग्रजीला. एक तास हलवला की तीन ठिकाणी टक्कर व्हायची, मग खोडरबर. सतरंजीवर खोडरबराचा भुगा, आणि सर खुर्चीत बसून चहा पीत म्हणतायत, "बाई, तुमच्याशिवाय हे कोणाला जमायचं नाही." निवृत्त होईपर्यंत दर जूनला हे असंच. खाली सही सरांची.

वॉरन प्रत्येक प्रश्नावर ‘माझ्याकडे त्याची योजना आहे’ म्हणते आणि लोक हसतात ना, तेव्हा मला ती सतरंजी दिसते. ५ कोटी डॉलरच्या वरच्या संपत्तीवर दोन टक्के कर, त्यातून पाळणाघरं, त्यातून विद्यार्थ्यांची कर्जं. आकडे मांडून दाखवते. पुरुषाने मांडले की दूरदृष्टी, हिने मांडले की मास्तरीणबाई. दोन आठवड्यांपूर्वी लास व्हेगासच्या वादसभेत तिने ब्लूमबर्गना अक्षरशः सोलून काढलं, दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात एक जण म्हणे, जरा जास्तच चिडते नाही का? बर्नी गेली कित्येक वर्षं बोट नाचवून ओरडतायत. ती मात्र तळमळ.

हो, तिच्या चुका आहेत. मूळ अमेरिकन वंशाची असल्याचं दाखवायला डीएनए चाचणी करून बसली, तो शुद्ध मूर्खपणा होता. आरोग्यविम्यावर आधी एक, मग जरा वेगळं, असंही झालं. आणि न्यू हॅम्पशायरमध्ये, अगदी आमच्या शेजारच्या राज्यात, चौथी आली. मान्य. झालं समाधान?

बर्नीवाल्यांनी जानेवारीपासून तिला सापाच्या इमोजी पाठवायचा सपाटा लावलाय. म्हणे बाई राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नाही असं बर्नी खासगीत म्हणाले, हे ती खोटं सांगते. बर्नी म्हणतात, मी असं बोललोच नाही. मी काही त्या खोलीत नव्हते. पण लेकाला मी एवढंच विचारलं, की ते वाक्य कोणीतरी कुठेतरी रोज म्हणतंच ना रे? आज संध्याकाळी माझ्या फोनवर म्हटलं गेलं. तो गप्प बसला. मग म्हणाला, "आई, पण बर्नीचा कार्यक्रम खरंच चांगला आहे." आहे रे बाबा. चांगलाच आहे.

अजून एक गोष्ट ती सभांतून सांगते. तरुणपणी ह्यूस्टनला शिकवायला लागली, पदरात दोन लहान मुलं, पाळणाघरं एकामागून एक मोडत गेली. एका रात्री मावशीशी फोनवर बोलताना रडू फुटलं, म्हणाली नोकरी सोडते. मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. म्हणाली, उद्या नाही, पण गुरुवारी येते. सात सुटकेसा आणि एक कुत्रा घेऊन आली आणि सोळा वर्षं राहिली. तिच्या सभेतल्या लोकांना ही गोष्ट गोड वाटते. आपल्या बायकांना ती गोष्ट वाटतच नाही. २००१ च्या जानेवारीत लेक झाला तेव्हा माझी आई नुकती निवृत्त झाली होती. सहा महिन्यांच्या व्हिसावर आली, डिंकाचे लाडू, आळीव आणि एका पिशवीत बाळंतशेपा. कस्टमवाल्याने आळीव हुंगून पाहिले. ती आली म्हणून माझी नोकरी टिकली. ज्यांच्या आया येऊ शकल्या नाहीत त्या माझ्याहून हुशार मुली घरी बसल्या, मी पाहिल्यात.

आणि ही वॉरनही मुळात शाळेतलीच. विशेष मुलांना शिकवायची. पोट दिसायला लागलं तशी पहिल्या वर्षाच्या शेवटीच नोकरी गेली, असं ती सांगते. काही जण म्हणतात ती तिखटमीठ लावते. १९७१ साल होतं. मला तर एक शब्दही जास्त वाटत नाही.

आता जरा कबुली देते, कारण इतकं तावातावाने लिहून हे लपवलं तर मला झोप यायची नाही.

२०१२ मध्ये मी इथली नागरिक झाले, फॅन्युइल हॉलमध्ये शपथ घेतली, आणि नोव्हेंबरात आयुष्यातलं इथलं पहिलं मत वॉरनला सिनेटसाठी दिलं. तिथपर्यंत ठीक. पण २०१६ च्या प्रायमरीत मी हिलरींना मत दिलं नाही. बर्नींना दिलं. आणि का, हे मी सगळ्यांना सांगत सुटले होते: मला चालतील हो हिलरी, पण लोकांना त्या आवडत नाहीत, निवडून यायच्या नाहीत. शब्दन् शब्द हेच. मॅसॅच्युसेट्समध्ये त्या जेमतेम निसटून जिंकल्या. पुढे देशभरात ट्रम्पपेक्षा २८ लाखांहून जास्त मतं मिळाली, पण इथे निकाल राज्याराज्यांच्या हिशेबाने लागतो, त्यात तीन राज्यांत मिळून ७८ हजारांच्या आसपास मतांनी हरल्या. माझ्या प्रायमरीतल्या मताने काही घडलं बिघडलं नाही, मला ठाऊक आहे. पण पोहे खाऊन मिशा पुसत ‘पालकांना चालणार नाही’ म्हणणाऱ्यांत त्या दिवशी मीही बसले होते.

त्यामुळे मैत्रिणी, तुझ्यावर चिडलेय ते अर्धं माझ्यावर आहे. अर्धंच हं.

आणि भारतातल्या कोणी ‘आमच्याकडे इंदिराबाई १९६६ लाच झाल्या’ असं कृपया लिहू नका. झाल्या. मोरारजींविरुद्ध पक्षातल्या खासदारांचं मतदान झालं, ३५५ विरुद्ध १६९. पण काँग्रेसमधल्या ज्या बड्या पुढाऱ्यांच्या टोळीने, सिंडिकेटने, त्यांना पुढे केलं त्यांना वाटलं होतं की ही ऐकण्यातली आहे. वेळापत्रक हिने करायचं, सही आपली. तो हिशेब चुकला ती गोष्ट वेगळी. आणि १९६० पासून महाराष्ट्राला एकही बाई मुख्यमंत्री मिळालेली नाही, तेव्हा अमेरिकेला हसायचं कारण आपल्याला नाही.

मत वाया जाण्याबद्दलही एकदाच सांगते. १५ टक्क्यांच्या वर मतं मिळाली की त्या प्रमाणात, पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी मिळतात. आमच्या राज्याचे ९१ आहेत. ती पहिली आली नाही तरी माझं मत कुठेतरी मोजलं जातं. वाया घालवायचंच असेल तर बुटिजेजला आधीच लवकर मतदान करून बसलेल्यांना जाऊन विचारा.

नऊ वाजता आईला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसात, ती पेपर घेऊन बसली होती. करोनाचं विचारून झालं, इकडच्या दुकानातलं सॅनिटायझर संपलंय हे सांगून झालं. मग तिला उमेदवारांची वयं सांगितली. बर्नी आणि ब्लूमबर्ग ७८, बायडन ७७, वॉरन ७०. आई आणि बायडन एकाच सालातले, १९४२. आई म्हणाली, "मला तुम्ही गच्चीवर पापड घालायला चढू देत नाही. आणि हे देश चालवणार?"

मग मी तिला ते विचारलं. बत्तीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आई, तू का गं लिहून दिलंस?

मला वाटलं होतं म्हणेल, दबाव होता. तुझ्या बाबांनी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती, मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. म्हणाली, "मलाही वाटलं गं, की खरंच नाही ऐकलं पालकांनी तर?"

मग म्हणाली, गॅस बंद करते, ठेव.

यावर मला अजून काही सुचलेलं नाही. मघाशी चिडून लिहायला बसले होते तो जोर आता नाही. नवरा आतून विचारतोय, उद्या किती वाजता निघायचं. केंद्र सातला उघडतं. एकाच गाडीतून जाणार आहोत, रस्त्याचं नाव आणि घर नंबर सांगून कागद घेणार आणि शेजारशेजारच्या खणांत उभे राहून एकमेकांचं मत खोडणार. लेकाला उठवलं तर तोही येईल, म्हणजे तिघांचे तीन.

मैत्रिणी, तुला अजून बोलायचं असेल तर उद्या रात्री आठनंतर फोन कर. आठला मतदान संपतं.