राष्ट्रीय नोंदवहीत नाव नाही म्हणून डॉक्टर बोगस ठरत नाही

गेल्या काही महिन्यांपासून सांगली-मिरजेतल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा, की केंद्र सरकारने डॉक्टरांची नवी राष्ट्रीय नोंदवही उघडली असून तिच्यात ज्याचे नाव नाही तो डॉक्टर बोगस समजावा. त्याच्याकडे घेतलेल्या उपचारांचा मेडिक्लेम मिळत नाही. ज्याचे नाव आहे त्याच्याकडे भरती झाल्यास क्लेम हमखास मंजूर होतो. आणि म्हणून भरती होण्यापूर्वी डॉक्टरांचा आधार क्रमांक मागून खातरजमा करावी. मिरजेतल्या एका रुग्णालयात विम्याच्या कागदपत्रांचे काम मी अनेक वर्षे करतो. मागच्या पंधरवड्यात एक काका या संदेशाची छापील प्रत घेऊन खिडकीशी उभे राहिले आणि सुनेचे बाळंतपण ज्यांच्याकडे व्हायचे त्या डॉक्टरीणबाईंचे नाव संगणकावर सापडत नसल्याने दुसरे रुग्णालय शोधू लागले, तेव्हा या संदेशाला लेखी उत्तर द्यावे असे वाटले.

नोंदवही सुरू झाली, एवढे खरे आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे नॅशनल मेडिकल रजिस्टर हे आधारशी जोडलेले पोर्टल २३ ऑगस्ट २०२४ रोजी सुरू झाले. पण तिच्यात नाव नसणे म्हणजे बोगस असणे, हा अर्थ कायद्यात कोठेही नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोग कायदा, २०१९ मधील कलम ३४ म्हणते, की राज्य नोंदवहीत किंवा राष्ट्रीय नोंदवहीत ज्याचे नाव आहे त्यालाच वैद्यकीय व्यवसाय करता येईल, आणि हा नियम मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संदेश लिहिणाऱ्याने या वाक्यातला ‘किंवा’ गाळला आहे, आणि सगळा घोळ त्या एका शब्दाचा आहे. आपल्याकडचा एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टर महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत असतो. नव्या पोर्टलवर त्याने स्वतः अर्ज करायचा, मग राज्य परिषदेने आणि त्याच्या महाविद्यालयाने पडताळणी करायची, असा तो लांबचा रस्ता आहे, आणि देशातल्या लाखो डॉक्टरांपैकी फार थोड्यांनी तो सुरुवातीच्या काळात पार केला. शिवाय आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या परिषदाच वेगळ्या असल्यामुळे त्यांचे नाव या पोर्टलवर शोधणेच चुकीचे आहे.

काकांच्या डॉक्टरीणबाईंचे कोडे याहून साधे होते. त्यांची नोंदणी लग्नाआधीची, म्हणून माहेरच्या नावाने आहे, आणि बाहेरच्या पाटीवर सासरचे आडनाव. केसपेपरवरचा नोंदणी क्रमांक राज्य परिषदेच्या यादीत घातला, तेव्हा त्या लगेच सापडल्या. नावाने शोधणाऱ्याला असे चकवे नेहमीच बसतात. डॉक्टर शोधायचा तो क्रमांकाने.

आता विम्याकडे येऊ. विमा नियामक प्राधिकरणाने आरोग्य विम्यासाठी ज्या प्रमाण व्याख्या ठरवल्या आहेत, त्यांत ‘वैद्यकीय व्यावसायिक’ म्हणजे कोणत्याही राज्याच्या वैद्यक परिषदेची, भारतीय वैद्यक परिषदेची किंवा भारतीय चिकित्सापद्धती अथवा होमिओपॅथीच्या सरकारी परिषदेची वैध नोंदणी असलेली आणि त्या परवान्याच्या मर्यादेत काम करणारी व्यक्ती. ‘कोणत्याही राज्याच्या’ हे शब्द आपल्या सीमाभागासाठी फार मोलाचे आहेत, कारण जतचा किंवा मिरजेचा रुग्ण बेळगावला किंवा विजापूरला भरती होतो, तेव्हा तिथल्या डॉक्टरचे नाव कर्नाटकाच्या परिषदेत असते आणि महाराष्ट्राच्या यादीत ते दिसले नाही म्हणून क्लेम अडत नाही. ज्याची कोणत्याच परिषदेत नोंद नाही त्याच्या उपचारांचा क्लेम मात्र नाकारला जातो आणि नाकारला जावाच. खेड्यापाड्यांत अशांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि संदेशामागची भीती तिथून आली असावी.

या व्याख्येतला ‘वैध’ हा शब्दही कामाचा आहे. महाराष्ट्रात नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि ते राहून गेलेला डॉक्टर शिकलेला असला तरी कागदावर अडचणीचा ठरतो. याबद्दल संदेशात अवाक्षर नाही.

संदेशात ‘एचपीआर आयडी’ असाही एक उल्लेख आहे. ती निराळी यादी असून आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली आरोग्य व्यावसायिकांनी ऐच्छिक नोंद करण्यासाठी आहे. ती उपयोगाची असली, तरी व्यवसायाचा परवाना तिच्यातून मिळत नाही.

‘हमखास मंजूर’ हा भाग मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो वाचून माणूस पॉलिसी उघडून पाहत नाही. डॉक्टर कोण आहे, हा विमा कंपनीच्या अनेक प्रश्नांपैकी एक. रुग्णालय व्याख्येत बसते का, हा दुसरा. ते नर्सिंग होम नोंदणीच्या १९४९ च्या कायद्यासारख्या कायद्याखाली नोंदलेले असावे. नाही तर सांगली-साताऱ्यासारख्या दहा लाखांच्या आतल्या गावात निदान दहा खाटा, चोवीस तास परिचारिका आणि डॉक्टर, शस्त्रक्रियागृह आणि रोजच्या नोंदी, हे सगळे असावे लागते. दाराशेजारी चौकटीत लावलेले रुग्णालयाच्या नोंदणीचे ते पिवळट प्रमाणपत्र कोणी वाचत नाही, पण क्लेम कितीदा तरी त्याच्या संपलेल्या मुदतीवर अडकतो. त्यापुढे आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो काळ आहे, जो आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. आणि नात्याचा मुद्दा तर आपल्याकडे हमखास येतो. उपचार करणारा डॉक्टर विमेदाराचा जवळचा नातेवाईक नसावा, अशी अट घालण्याची मुभा कंपन्यांना आहे. त्यामुळे जावयाच्याच दवाखान्यात सासऱ्यांचे ऑपरेशन झाले, तर जावयाचे नाव दहा नोंदवह्यांत असले तरी उपयोग होत नाही.

प्रत्यक्षात नोंदणीवरून जी क्वेरी येते, ती बहुधा शिक्क्याची असते. माझ्यासमोर आलेल्या एका डिस्चार्ज कार्डवर शाई फुटून क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे एकमेकांत मिसळले होते आणि कंपनीने ‘नोंदणी क्रमांक वाचता येत नाही’ म्हणून फाईल परत केली. रुग्णालयाने नवा शिक्का मारून द्यायला नऊ दिवस लावले. तोवर रुग्णाचा मुलगा डॉक्टर बोगस निघाले असे गावभर सांगून बसला होता.

नोंदणीचे कारण देऊन क्लेम नाकारलाच, तर गप्प बसू नये. प्राधिकरणाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या पुनरावलोकन समितीच्या मान्यतेशिवाय क्लेम फेटाळता येत नाही, आणि पॉलिसीतील नेमक्या अटीचा हवाला देऊन कारण कळवावे लागते. डॉक्टरांच्या राज्य परिषदेतील नोंदीची छापील प्रत जोडून कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. सांगली-साताऱ्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे, तिथे पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात, फी नाही आणि वकीलही लागत नाही.

राहिला आधार क्रमांक. डॉक्टरांनी तो रुग्णाला देण्याचे काही कारण नाही आणि रुग्णाने मागू नये. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार परिषदेचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे आणि प्रत्येक चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर व पैशांच्या पावतीवर लिहिणे डॉक्टरांना बंधनकारक आहे. काकांच्या हातातल्या केसपेपरवरही तो वरच्या कोपऱ्यात छापलेलाच होता.