एमडी संपली की रस्ते रिकामे होतील?

नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'रात्री रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बाया एमडीसाठीच उभ्या असतात. सगळ्या नशेडी. उचला आणि आत टाका, सिंहस्थाच्या आत शहर साफ.' ऑक्टोबर २०२३ मध्ये शिंदे गावातला एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाचा, कारखाना पकडला गेला, तेव्हापासून लोक धास्तावलेत. ती धास्ती खरी आहे, मेसेज मात्र खोटा आहे.

'एमडीसाठीच'? मेफेड्रोन अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं ते २०१५ साली. नाशिकच्या भद्रकालीतला देहविक्रीचा धंदा त्याच्या कितीतरी आधीचा. नवऱ्याने टाकलं, डोक्यावर कर्ज, कुणीतरी कामाला लावतो म्हणून फसवून आणलं, अशा कारणांनी बाई इथे येते. नशा बहुतेकदा मागून लागते. अंधार पडला की पाण्याच्या बाटलीत देशी मिसळून दोन घोट घ्यायचे, कारण त्याशिवाय अनोळखी माणसाच्या गाडीत बसायचा धीर होत नाही. कधी गिऱ्हाईकच पाजतं. पुढे सकाळी हात थरथरायला लागतात, कमाई दारूत जाते, ती भरून काढायला आणखी एक गिऱ्हाईक घ्यावं लागतं आणि अशा वेळी कंडोमचा हट्ट धरता येत नाही. धंद्याने लावलेली नशाच मग तिला धंद्यातून सुटू देत नाही. उलटा क्रमही असतो, ते नाकारत नाही. १९८० च्या दशकात स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत हेरॉइन पसरलं, तेव्हा तिथल्या रस्त्यावरच्या बायकांत सुई टोचून घेणाऱ्या पुष्कळ होत्या.

'सगळ्या नशेडी' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की भारतात सुईची नशा आणि हा धंदा एकत्र दिसतात ते मुख्यतः मणिपूर-नागालँडकडे. आपल्याकडे मुख्य नशा दारूची, आणि तिच्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

राहिलं 'आत टाका'. पिटा या देहव्यापार रोखणाऱ्या कायद्यात गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचे, वकिलाचे पैसे ती त्याच रस्त्यावर उभी राहून फेडते. हे काम करणाऱ्या बायकांशी पोलिसांनी सन्मानाने वागावं, शिवीगाळ-मारहाण करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी बजावलंय. अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम ६४-अ तर स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देतं. इंग्लंडमधल्या इप्सविचमध्ये २००६ साली नशेच्या आहारी गेलेल्या पाच जणींचे खून झाले. त्यानंतर तिथे गिऱ्हाइकांना पकडलं, पण बायकांना उपचार आणि घर मिळवून दिलं. रस्त्यावरचा धंदा जवळपास थांबला.

मेसेज पाठवणाऱ्यांनी नाशिकसाठी हे मागावं: व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी वेगळ्या खाटा, दुपारची ओपीडी, आणि ती दाखल असेपर्यंत तिच्या लेकरांना सांभाळणारी जागा.