मॅचला जाताय? गाडीवरचा स्टिकर आधी खरवडा

फुटबॉलच्या मॅचला पेठेची इज्जत कशी राखायची यावर आपल्या कोल्हापुरात एकही पुस्तक नाही, ही फार मोठी गैरसोय आहे. नवीन पोरांनी शिकायचं कुणाकडनं? म्हणून म्हटलं आपणच चार गोष्टी लिहूया, कारण परवा शाहू स्टेडियमची चारची मॅच सुटल्यावर माझंही शिक्षण पूर्ण झालंय. मिरजकर तिकटीच्या बाजूला लावलेल्या माझ्या गाडीचा हेडलाईट फुटला, एक आरसा गेला आणि सीट उभं फाडून ठेवलेलं. कुठल्या दोन टीमची मॅच होती ते विचारू नका, नाव लिहिलं की दुसरा आरसाही जाणार.

तर पहिला सल्ला. जुनी गाडी घेताना इंजिन बघू नका, कागद बघू नका, स्टिकर बघा. माझी गाडी सेकंडहँड, पहिला मालक पलीकडच्या पेठेतला, त्यानं पुढं मोठ्ठ्या अक्षरात पेठेचं नाव टाकलेलं, मी म्हटलं राहू दे, खरवडताना रंग निघायचा. आणि फोडली कुणी? माझ्याच पेठेतल्या पोरांनी. त्यातला एकजण रोज सकाळी दुधाच्या पिशव्या घेताना मला "काय काका" म्हणतो. दुसऱ्या दिवशी आला, मान खाली घालून म्हणतोय, "काका, तुमची हाय व्हय गाडी? आम्हाला वाटलं त्यांची." म्हणजे त्यांची असती तर विषयच नव्हता.

दुसरं, मॅच बघायला गेल्यावर बॉलकडं बघायचं नाही. बॉलकडं येडी माणसं बघतात, जी एप्रिलच्या उन्हात तापलेल्या पायरीवर पेपर टाकून भडंग खात बसतात आणि "अरे विंगला दे की" म्हणून स्वतःशीच बडबडतात. आपण समोरच्या गॅलरीकडं बघायचं. तिकडं कोण काय हातवारे करतंय, कुणी झेंडा उलटा धरलाय, कुणी आपल्याकडं बघून हसलं. गोल झाला तर शेजारच्याला विचारायचं कुणी मारला.

रेफ्रीला घरदार नसतं, हे एकदा पाठ करून ठेवा.

शिव्या द्यायला माणूस निवडताना मात्र थोडा अभ्यास पाहिजे. हंगामाच्या आधी केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, खेळाडूंची नोंदणी होते, तेव्हा कोण कुठनं कुठं गेला ते बघून ठेवा. सिनियर गटात पेठापेठांतल्या तालमी-मंडळांचे 16 संघ, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल, शिवाजी मंडळ, आणि चांगला स्ट्रायकर यातल्या तीन-चार जर्सी तरी घालून झालेला असतो. ज्याच्या आईचा उद्धार तुम्ही आता घसा फोडून करताय त्याला मागच्या सीझनला आपणच खांद्यावर घेऊन गुलालात न्हाऊ घातलेला आणि पुढच्या सीझनला जमलं तर तो परत येणारच आहे. तो प्रोफेशनल आहे, जिकडं पैसे बरे मिळतील तिकडं खेळणार, त्यात त्याचं काय चुकलं? नायजेरियातनं आलेली पोरं तर आज या पेठेसाठी हेडर मारायची, उद्या त्या पेठेसाठी. पेठेसाठी जीव द्यायला तयार असलेली माणसं फक्त गॅलरीतच आहेत राव, मैदानात सगळे फुटबॉल खेळायला आलेत!

मॅच संपली की घरी जाऊ नका. खरी मॅच मोबाईलवर असते. वाघ, तलवार, आग, मागं कसलातरी डायलॉग, आणि "नाद करायचा नाय". समोरच्या पेठेत तुमची मावशी दिलीय, मेव्हणा तिथलाच आहे, त्यांच्या घरची लग्नपत्रिका फ्रिजवर लावलीय, तरी स्टेटस टाका. दोन्ही पेठा एकमेकींपासून चालत दहा मिनिटांवर, अंबाबाईच्या दर्शनाला रांग एकच, पांढऱ्या रश्श्याला लागणारा नारळसुद्धा मंडईतल्या एकाच माणसाकडनं घेता, पण स्टेटस टाका. आणि चार वर्षांनी वर्ल्डकप आला की सगळी पेठ अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडे लावून कटआऊट उभे करते, तेव्हा आपण केवढे खिलाडू वृत्तीचे ते दाखवायला परत फोटो टाका.

ईर्षा पूर्वी नव्हती असं कोण म्हणतंय? ज्यांचे हे संघ त्या तालमी मुळात कुस्तीच्या, खासबाग मैदान शाहू महाराजांनी 1912 ला उभं केलं ते काय भजनाला नव्हे. ईर्षेशिवाय कोल्हापुरात काय होत नाही, पेठेतली मंडळं, मिरवणूक, गणपतीची मूर्ती, सगळं ईर्षेवरच चालतंय. मॅचला दगडही पूर्वीपासून पडायचे, मी बघितलेत. पण तेव्हा भांडणारा माणूस कोण, कुणाचा, हे माहीत असायचं आणि दोन तालमींतली वडीलधारी माणसं मध्ये पडून रात्रीपर्यंत मिटवायची. आता हाणणाऱ्याला माहीत नाही कुणाला हाणतोय, आणि वडीलधारी माणसं व्हिडिओ काढत उभी.

आता शेवटचा सल्ला, दगड मारताना कॅमेऱ्याकडं बघून हसा, कारण... नाही, जाऊ दे, हे नाटक मला जमेना आता.

अरे, गुन्हा दाखल होतो तेव्हा नावं कुणाची येतात रे? दंगल, मारामारी, पोलिसांच्या कामात अडथळा, यादीत सगळी अठरा-वीस वर्षांची पोरं. त्यातली निम्मी पहाटे पाचला उठून रंकाळ्यावर पळतात, पोलीस भरती नाहीतर आर्मी. भरतीला चारित्र्य पडताळणी असते माहीत आहे ना? ग्राउंड मारलं, लेखी निघाली, आणि पडताळणीत हा गुन्हा पुढं आला की मग वकिलाच्या दारात बसा, तारखा घ्या, मुचलका भरा. तुमच्या स्टेटसला टाळ्या वाजवणारा कुठला नगरसेवक, कुठला आधारस्तंभ तेव्हा फोन उचलतो सांगा मला. त्यांची पोरं पुण्यात कॉलेजला आहेत, गॅलरीत नसतात ती. बॅनरवर फोटो त्यांचा, एफआयआरमध्ये नाव तुझं.

आणि याला फुटबॉलप्रेम म्हणू नका. आपल्याच गावचा अनिकेत जाधव 2017 ला 17 वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताची जर्सी घालून अमेरिका, कोलंबिया, घानासमोर उतरला. कोल्हापूरच्या पोरी इंडियन वुमन्स लीग खेळून आल्या. त्यातल्या चार जणींची नावं सांगा बरं? नाही येत. समोरच्या पेठेतल्या कुणी कधी काय कमेंट केली ते मात्र स्क्रीनशॉटसकट पाठ आहे. हुल्लडबाजी झाली की मॅच थांबते, बंदोबस्त वाढतो, स्पर्धा भरवायला आयोजक दहादा विचार करतात, बायका आणि बारकी पोरं स्टेडियमला यायची बंद होतात. वर्षभर कामावरनं सुटून संध्याकाळी प्रॅक्टिस करणाऱ्या पोराला खेळायला मॅचच उरत नाही. त्याचं वाटोळं पलीकडच्या पेठेनं नाही केलं, तुम्ही केलंय, त्याच्याच पेठेच्या पोरांनी.

खेळ बघायचा असेल तर तिकीट काढा, गप बसून बघा, गोल झाला की नाचा, हलगी वाजवा, हरलात तर शिव्या गिळून घरी जावा. एवढंही जमत नसेल तर स्टेडियमला यायचं नाही, तुमच्यावाचून कुणाचं अडलेलं नाही.