सात की साठ?

गेल्या मे महिन्यात आमच्या तालुक्यात स्वयंसेवकांचा पूर-बचावाचा सराव झाला. दोर होते, लाइफ जॅकेटं होती, स्ट्रेचर होतं, रबरी बोटही होती. वॉकी-टॉकीचे चार सेट कुणाकडून तरी मागून आणले होते. पलीकडच्या खोऱ्यातून एका मुलीने निरोप दिला, "खालच्या वाडीत सात जखमी, रस्ता चालू नाही." इकडे शाळेच्या व्हरांड्यात तो लिहून घेतला गेला तो असा: खालची वाडी, साठ जखमी, रस्ता चालू.

कुणी हलगर्जीपणा केला नव्हता. वाऱ्यात, खरखरीत 'सात' आणि 'साठ' वेगळे ऐकू येत नाहीत. शिवाय बोलणं संपायच्या क्षणभर आधी त्या मुलीचा अंगठा बोलताना दाबून ठेवायच्या बटणावरून उठला. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. अंगठा लवकर उठला की 'नाही' पलीकडे पोहोचतच नाही. खरा पूर असता तर त्या निरोपावर कुणीतरी रुग्णवाहिका त्याच रस्त्याने पाठवली असती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारी, परवानाधारक. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण स्वयंसेवकांना पोहायला शिकवतो, गाठी मारायला शिकवतो, पण निरोप द्यायला शिकवत नाही. आणि मग 'सेट घ्यायला निधी द्या' म्हणून अर्ज करतो.

निरोप न पोहोचणं म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला माहीत असेल? ३० जुलै २०१४ ला माळीण दरडीखाली गाडलं गेलं. ते बाहेर कळलं एसटीच्या चालकामुळे. रोजच्या जागी गाव दिसेना, म्हणून. २२ जुलै २०२१ ला इकडे चिपळूण पाण्यात होतं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड आली. ८० हून अधिक माणसं गेली. फोन लागत नव्हते, रस्ते पाण्याखाली होते, बचाव पथकं दुसऱ्या दिवशी पोहोचली. वीज गेली की मोबाइलचा टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतो. पुढे डिझेल वर चढवणार कोण? रस्ताच नसतो.

रेडिओला मधे टॉवर लागत नाही, एवढंच त्याचं बळ. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद ही हॅम मंडळी घेऊन नव्हे, स्वतः हॅम म्हणून पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या, अंदमानातून जगभरच्या हॅमशी संपर्क साधायला. २६ तारखेला त्सुनामी आली. मग व्हीयू४आरबीआय या त्यांच्या कॉल साइनवरून, म्हणजे हवेतल्या ओळखनावावरून, माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीकडे जाऊ लागले. उपकरणं तिथे योगायोगाने होती, पण ती चालवणारा हात वर्षानुवर्षांच्या सरावाचा होता. हे मी प्रत्येक बैठकीत सांगते, आणि प्रत्येक वेळी पुढचा प्रश्न येतो, "सेट केवढ्याला पडतो?"

सेटबद्दलही सांगते, कारण इथे पैसे वाया जाताना पाहिलेत. हातातला पाच वॅटचा व्हीएचएफ (आखूड लहरींचा) सेट नजरेच्या टप्प्यात चालतो. सह्याद्रीत एक सोंड मधे आली की संपलं. डोंगरमाथ्यावर रिपीटर, म्हणजे आलेला निरोप पुढे फेकणारा सेट, असेल तर ठीक, पण त्यालाही वीज लागते. खोऱ्यातून बाहेर बोलायचं तर ४० मीटर बँडवर, म्हणजे साधारण ४० मीटर लांबीच्या लहरींवर या. त्यासाठी अँटेना म्हणून साधारण वीस मीटर तार, मधोमध तोडून दहा-दहा मीटरचे दोन हात, दोन आंब्यांच्या मधे चार-पाच मीटर उंचीवर बांधलेली. एवढी खाली असल्यामुळे लहरी सरळ वर जातात आणि आयनांबरावरून, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित थरावरून, परतून आसपासच्या दोन-तीनशे किलोमीटरांत उतरतात. मधला डोंगर आडवा येतच नाही. गाडीची बॅटरी पुरते. रात्री ४० मीटरवर जवळची माणसं ऐकू येईनाशी होतात, तेव्हा ८० मीटरवर जायचं. आशिया-पॅसिफिक विभागात आणीबाणीसाठी ७.११० मेगाहर्ट्झ ठरलेली आहे, ती पाठ असू द्या.

पण हे सगळं परवान्यानंतर. बारा वर्षांपुढच्या कुणालाही दूरसंचार विभागाची परीक्षा देता येते. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स (टिंब-रेघांची लिपी) लागत नाही, जनरल श्रेणीला मिनिटाला आठ शब्दांचा वेग लागतो. परवाना हातात पडायला वेळ जातो, त्यामुळे 'जूनमध्ये बघू' हे चालणार नाही. ज्यांना परवाना नको त्यांच्यासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी शक्तीचे सेट खुले आहेत. वाडीतल्या वाडीत तेवढे पुरतात. ऑनलाइन स्वस्तात मिळतो म्हणून भलताच सेट घेऊन पोलिसांच्या किंवा विमानांच्या फ्रिक्वेन्सीवर बोलू नका. हात जोडून सांगते.

शिकायचं साहित्य भरपूर आहे, हैदराबादची राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था १९८३ पासून काम करते आहे. अमेरिकेतले मोफत अभ्यासक्रमही मी घरबसल्या केलेत. पण 'सात की साठ' ते शिकवणार नाहीत. ते आपल्यालाच मराठीत बसवावं लागेल. आम्ही सुरुवात केली आहे. आकडा सुटा सुटा बोलायचा: "शून्य सात", "सहा शून्य". 'रस्ता चालू नाही' म्हणायचं नाही, 'रस्ता बंद' म्हणायचं. बटण दाबल्यावर एक श्वास थांबून बोलायचं, बोलून झाल्यावर एक श्वास थांबून सोडायचं. निरोप आधी कागदावर, मग हवेत. ऐकणाऱ्याने तो जसाच्या तसा वाचून दाखवायचा, नुसतं 'कळलं' नाही.

सगळ्यात अवघड शिकवण गप्प राहण्याची. एक जण नेट कंट्रोल, म्हणजे कुणी कधी बोलायचं ते ठरवणारा. त्याने नाव घेतल्याशिवाय बाकीच्यांनी बोलायचं नाही. चाळीस उत्साही मुलांना हे पटवणं म्हणजे बोट वल्हवण्यापेक्षा कष्टाचं काम आहे. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं सराव ठेवला तरच ते अंगवळणी पडतं.

आपदा मित्रांचं, म्हणजे सरकारी योजनेतल्या आपत्ती-स्वयंसेवकांचं, प्रशिक्षण १२ दिवसांचं असतं. त्यातला एक अख्खा दिवस निरोपासाठी द्यावा, अशी माझी मागणी आहे, आणि ती मी लेखी देणार आहे. तालुक्यातले परवानाधारक हॅम कोण, याची यादी तहसील कार्यालयात पावसाआधी लागली पाहिजे, हीसुद्धा.

कोकणातले, घाटावरचे जे हॅम हे वाचत असतील त्यांनी आपलं गाव मला कळवावं. फोन नंबर इथे टाकू नका. आणि नुसती 'खालची वाडी' लिहू नका, ग्रामपंचायतीचं नाव लिहा. एकट्या आमच्या तालुक्यात खालच्या वाड्या कितीतरी आहेत.