पोलार्डचं नाव कुठे गेलं?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. दुपारी आमच्या ऑफिसात क्विझ होती. प्रश्न आला, एनएफएलमधला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधला, पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक कोण? मी लिहिलं, फ्रिट्झ पोलार्ड. चूक दिलं! पडद्यावर उत्तर आलं, आर्ट शेल, १९८९. टाळ्या पडल्या. आणि हे कुठे, तर अमेरिकेतल्या ओहायोत. पोलार्डने जिथे शिकवलं ते ॲक्रन आमच्यापासून तासाभरावर.

पोलार्ड म्हटलं की आपल्याला मुंबई इंडियन्सवाला आठवतो. हा फार आधीचा. जन्म १८९४, शिकागो. उंची पाच फूट नऊ इंच, त्या खेळात अगदीच लहानखुरा. ब्राउन विद्यापीठाकडून १९१६ च्या १ जानेवारीला रोझ बोल हा कॉलेज फुटबॉलचा मानाचा सामना खेळला. त्या सामन्यात उतरणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू तोच. त्याच वर्षीच्या पुढच्या हंगामात ब्राउनने येल आणि हार्वर्ड दोघांनाही लोळवलं. मग तो ॲक्रन प्रोज संघात आला. १९२० हा लीगचा पहिला हंगाम. ॲक्रन आठ सामने जिंकलं, तीन बरोबरीत सुटले, हार एकही नाही. अख्ख्या हंगामात विरोधकांना मिळून गुण दिले सात. १९२१ मध्ये पोलार्ड त्याच संघाचा प्रशिक्षक झाला, आणि खेळतही राहिला.

आता कुणी म्हणेल, एल्गी टोबिन त्याच्यासोबत सहप्रशिक्षक होता. होता, मान्य. म्हणून पोलार्ड प्रशिक्षक नव्हता का?

मला हे का झोंबतं ते सांगतो. आमच्या अण्णांनी गावच्या एका मंडळाचा कबड्डी संघ बारा वर्षं तयार केला. पहाटे साडेपाचला पोरांना घरोघरी जाऊन उठवायचे. ज्या वर्षी संघ जिल्ह्यात पहिला आला त्या वर्षी ढाल आली, तिच्यावर पितळी पट्टी ठोकली, आणि 'प्रशिक्षक' या शब्दापुढे नाव घातलं मंडळाच्या अध्यक्षांचं. आमची वस्ती गावाच्या कुठल्या टोकाला आहे ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. अधिक काय बोलू.

पोलार्ड पाडला गेला की शिट्टीनंतरही चार-पाच जण मुद्दाम अंगावर उड्या घ्यायचे, हाडं मोडावीत म्हणून. त्याने उपाय शोधला. पडल्या पडल्या पाठीवर वळायचं आणि दोन्ही पाय सायकल मारल्यासारखे हवेत फिरवायचे. येणाऱ्याच्या तोंडासमोर बूट! हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. आमच्या चढाईवाल्यांनाही पकड झाल्यावर असंच गाठायचे रे, म्हणाले, आणि मग एकदम गप्प झाले.

नंतर तर दारच बंद झालं. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. बंदीची एक ओळ कागदावर सापडत नाही. मालकांना लिहायची गरजच पडली नाही, सगळ्यांना न सांगता कळत होतं. आपल्याकडे कोण घरात येणार आणि कोण ओट्यावर बसणार हे तरी कुणी लिहून ठेवलं होतं? पोलार्ड मात्र थांबला नाही. त्याआधीच शिकागोत कृष्णवर्णीय खेळाडूंचा ब्लॅक हॉक्स हा संघ काढला होता, पुढे हार्लेमच्या ब्राउन बॉम्बर्सना शिकवलं.

शेलचं श्रेय मला कमी करायचं नाही. मधली साठहून जास्त वर्षं कुणालाच नेमलं नव्हतं, तेव्हा त्याला मिळालं हेही मोठंच. पण 'पहिला' म्हणताना लोकांना बरं वाटतं, कारण मग ही मधली वर्षं कुठे गेली हे कुणी विचारत नाही. राग त्याचा आहे.

तीन वर्षांपूर्वी आई-अण्णा आले होते तेव्हा त्यांना कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलमधल्या थोरांच्या संग्रहालयात नेलं. १९६३ साली ते सुरू झालं. पोलार्ड त्यानंतर तेवीस वर्षं जगला, १९८६ मध्ये ब्याण्णवाव्या वर्षी गेला. त्याला तिथे घेतलं २००५ मध्ये. अण्णा त्याच्या ब्राँझच्या चेहऱ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग विचारलं, "ह्याला बघायला मिळालं का हे?" मी नाही म्हणालो. त्यांनी नुसती मान हलवली.

आणि १९२० च्या विजेतेपदाचा चषक? ॲक्रनला दिला होता. आज कुठे आहे, कुणालाच माहीत नाही. आमची ढाल निदान मंडळाच्या कपाटात आहे. मागच्या दिवाळीत मी अण्णांना म्हणालो, पट्टी बदलून घेऊ, मी बोलतो त्यांच्याशी. "राहू दे," म्हणाले, "पोरांना माहीत आहे." तेव्हा मी ऐकलं.

क्विझ घेणाऱ्याला आत्ताच ईमेल केलाय. तीनच ओळींचा, सभ्य भाषेत. आता गावाकडे सकाळ झाली असेल, अण्णा चहा घेत असतील. फोन लावतोय. पट्टीचं या वेळी ऐकणार नाही.