सायकलला मडगार्डसाठी भोक नाही म्हणे!

ऑफिसला जायला सरळ हँडलची, हलकी सायकल हवी, एवढंच मागितलं. दुकानदार काय काढतो? पुढे सस्पेन्शन, मागे सस्पेन्शन, २१ गिअर, वजन म्हशीएवढं! अहो, कोथरूडहून शिवाजीनगरला जायचंय, हिमालयात नाही. साधा कडक फोर्क (पुढचं चाक धरणारा, सस्पेन्शन नसलेला दांडा), ७००सीचं म्हणजे रोड सायकलच्या मापाचं चाक, ३२-३५ मिमीचा टायर मागणं गुन्हा आहे का? बरं, एक जरा बरी निघाली, तर तिला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँडही नाही. बसवू म्हटलं तर फ्रेमला भोकंच नाहीत! मग जुलैत पाठीवर चिखलाची नक्षी घेऊन मीटिंगला बसायचं? वर सल्ला काय, तर "सर, थोडं बजेट वाढवा, कार्बन फोर्क येईल." आपल्या खड्ड्यांत कार्बन फायबरचा फोर्क! आणि मडगार्ड? "ते वेगळं पडेल सर."